एक लेन्स, दोन पाय
(फिक्स्ड लेन्सच्या छोट्या कॅमेऱ्याने फोटोग्राफी कशी शिकावी आणि तिची मजा कशी घ्यावी)

गॅदरिंगचे दिवस आले की कॅम्पसमध्ये दोन प्रकारचे फोटोग्राफर दिसू लागतात. पहिला प्रकार लांबूनच ओळखू येतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन-तीन लेन्स, गळ्यात रुंद पट्टा. स्टेजवर नाटक रंगात आलेलं असतं आणि हा खाली मान घालून लेन्स बदलत असतो. दुसरा प्रकार ओळखूच येत नाही. त्याच्या जीन्सच्या खिशात साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा कॅमेरा असतो. तो विंगेत असतो, मेकअप रूमच्या दारात असतो, चहाच्या किटलीपाशी असतो. आठवडाभराने नोटीस बोर्डवर फोटो लागतात तेव्हा आपण विचारतो, “अरे, हा कोणी काढला? कधी काढला?”

हा लेख त्या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. आणि त्याहून जास्त, “आपल्याला काय जमणार, आपल्याकडे भारी कॅमेरा कुठे आहे?” असं म्हणून गप्प बसणाऱ्या तिसऱ्या प्रकारासाठी आहे. हॉस्टेलवर असे खूप जण आहेत. घरून येणाऱ्या पैशांत मेसचं बिल आणि झेरॉक्सच भागते, लेन्स कुठून घेणार? काही जण तर हप्त्यावर कॅमेरा घेतात आणि हप्ते फेडता फेडता फोटो काढायचं विसरून जातात. या सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची आहे. लेन्स न बदलता येणं ही कमतरता वाटते खरी, पण शिकणाऱ्यासाठी तीच सगळ्यात मोठी सोय आहे. कशी, ते पुढे गणितासकट मांडतो. शेवटी आपण इंजिनिअर आहोत, नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवणार नाही!

लेन्स फिक्स म्हणजे नक्की काय फिक्स?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली, कॅमेऱ्यापासून लेन्स काढता न येणं. दुसरी, लेन्सची फोकल लेंग्थ एकच असणं, म्हणजे झूम नसणं. बाजारातल्या बहुतेक साध्या डिजिटल कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, पण त्यांना झूम असतो. या लेखात आपण दोन्ही अर्थांनी फिक्स असलेल्या कॅमेऱ्याबद्दल बोलतोय. लेन्सही निघत नाही आणि झूमही नाही.

असा कॅमेरा आपल्याला नवा नाही. आजोबांच्या कपाटात कदाचित आगफा क्लिक थ्री पडलेला असेल. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो, बस्स. नव्वदच्या दशकात घरोघरी दिसणारा कोडॅक केबी टेन हाही याच जातीचा, त्यात तर फोकसही ठरलेला. डिजिटल जमान्यात फुजीफिल्मने २०११ मध्ये एक्स १०० बाजारात आणला, २३ मिलिमीटरची एकच लेन्स असलेला. रिकोने २०१३ मध्ये जीआर या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात मोठा एपीएस-सी सेन्सर बसवला. २०१९ च्या जीआर थ्रीचं वजन बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम आहे. आपलं इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं पुस्तक याहून जड असावं.

मधल्या काळात फोनने साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा धंदा बसवला. २०१० मध्ये जगभरात दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये हा आकडा वीस लाखांच्याही आत आला. तरीही एक्स १०० च्या २०२४ च्या मॉडेलसाठी लोकांनी महिनोन्महिने वाट पाहिली, तेही किंमत लाखाच्या वर असताना. सगळ्यांच्या हातात फोन असताना असं का व्हावं? कारण या कॅमेऱ्याने फोटो काढण्याची एक वेगळी मजा आहे. आणि ती मजा लाख रुपये न देताही मिळते, हे या लेखाचं सार आहे.

इंजिनिअर लोकांनी घडवलेला कॅमेरा

याचा इतिहास आपल्या शाखांच्या जवळचा आहे. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा मेकॅनिकल कामातला वस्ताद माणूस होता. त्या काळचे काचेच्या प्लेटचे कॅमेरे जड असत आणि बार्नाकला दम्याचा त्रास होता. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, सिनेमाच्या १८ बाय २४ मिलिमीटर फ्रेमची दुप्पट करून २४ बाय ३६ ची फ्रेम ठरवली आणि तिच्याभोवती हातात मावणारा कॅमेरा बांधला. १९२५ मध्ये तो ‘लायका’ नावाने विक्रीला आला. त्याला ५० मिलिमीटरची एकच लेन्स होती आणि ती निघत नव्हती. लेन्स बदलण्याची सोय १९३० मध्ये आली. म्हणजे ज्या कॅमेऱ्याने रस्त्यावरच्या फोटोग्राफीला पाय दिले, तोसुद्धा फिक्स्ड लेन्सचाच!

दुसरा माणूस जपानचा योशिहिसा मैतानी. वासेदा विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून तो ऑलिम्पस कंपनीत लागला. सहा हजार येनमध्ये विकता येईल असा कॅमेरा बनव, हे काम त्याला मिळालं. त्याने अर्ध्या फ्रेमचा ‘पेन’ काढला, साल १९५९. ३६ फोटोंच्या रोलमध्ये ७२ फोटो निघत. पुढे १९७९ मध्ये त्याने ‘एक्सए’ केला. त्याला वेगळं कव्हर लागत नाही. पुढचा सरकता दरवाजा हेच लेन्सचं झाकण आणि तोच ऑन-ऑफचा खटका. डिझाइनचा पेपर लिहिताना उदाहरण द्यायला हे उत्तम आहे.

आणि वापरणाऱ्यांत आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाय व्यारावाला. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या कॅमेऱ्यांमध्ये रोलायफ्लेक्स होता, दोन भिंगांचा, वरून खाली बघून फोटो काढायचा. त्याचीही लेन्स निघत नाही. फाळणी, स्वातंत्र्य, पुढाऱ्यांच्या भेटीगाठी आणि अंत्ययात्रा अशा गर्दीत ही साडी नेसलेली बाई स्वतः पुढे सरकून जागा मिळवत असे. झूम नव्हता, पाय होते.

एक व्हेरिएबल कमी

आता गणित. फोटो काढताना आपण एका वेळी किती गोष्टी ठरवतो? कुठे उभं राहायचं, किती झूम करायचं, फोकस कुठे, अ‍ॅपर्चर किती, शटर किती, आयएसओ किती, आणि बटण कधी दाबायचं. सात अज्ञात, आणि समोरचा माणूस एका सेकंदात वळणार आहे! एम थ्रीचा पेपर यापेक्षा सोपा वाटावा. फिक्स्ड लेन्स यातला ‘किती झूम’ हा अज्ञात कायमचा काढून टाकते. तो गेला की ‘कुठे उभं राहायचं’ याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं.

किती? हे पाठ करून ठेवा. खालचे आकडे २४ बाय ३६ च्या फ्रेमच्या हिशेबाने आहेत, आणि कॅमेरा आडवा धरला आहे असं समजा.

२८ मिलिमीटर : दृश्यकोन सुमारे ६५ अंश. फ्रेमची रुंदी अंतराच्या १.३ पट.
३५ मिलिमीटर : सुमारे ५४ अंश. रुंदी जवळजवळ अंतराइतकीच.
४० मिलिमीटर : सुमारे ४८ अंश. रुंदी अंतराच्या ०.९ पट.
५० मिलिमीटर : सुमारे ४० अंश. रुंदी अंतराच्या ०.७ पट.

कुठून आलं हे? समरूप त्रिकोण, दहावीची भूमिती. फ्रेमची लांब बाजू ३६ मिलिमीटर, तिला फोकल लेंग्थने भागा. ३५ च्या लेन्सला ३६ भागिले ३५, म्हणजे एक. (रिकोची खरी लेन्स १८.३ मिलिमीटरची आहे, पण सेन्सर लहान असल्याने ती २८ सारखी बघते. एक्स १०० ची २३ ची लेन्स ३५ सारखी बघते. आपल्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘३५ मिलिमीटर समतुल्य’ असा आकडा दिलेला असतो, तोच घ्या.)

आता बघा गंमत. तुमच्याकडे ३५ समतुल्य लेन्स आहे. समोर रूममेट उभा आहे, उंची पावणेसहा फूट, म्हणजे साधारण पावणेदोन मीटर. कॅमेरा उभा धरला तर फ्रेमची लांब बाजू उभी होते. दोन मीटरवर उभे राहा, तो डोक्यापासून चपलेपर्यंत थोडी जागा सोडून मावतो. एक मीटरवर गेलात की कमरेपर्यंत. चौघांचा ग्रुप आहे आणि ते तीन मीटर जागा अडवतात, तर साडेतीन मीटरवर जा. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फ्रेम ठरली. एका महिन्याच्या सरावानंतर हे गणितही करावं लागत नाही, पाय आपोआप त्या जागी जाऊन थांबतात. चालता चालता भिंतीवर चौकटी दिसायला लागतात. यातली मजा कळायला ती एकदा अनुभवावीच लागते.

मोजायला टेप कुठून आणणार, असं विचाराल. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधली एक फरशी पट्टीने मोजा. ३० सेंटिमीटरची असेल तर दहा फरश्या म्हणजे तीन मीटर. झाला स्केल तयार!

झूम आणि पाय यांत फरक काय?

“झूम केला काय आणि चालत गेलो काय, सारखंच ना?” हा प्रश्न ओरलला हमखास विचारावा असा आहे. उत्तर : अजिबात नाही. एकाच जागी उभं राहून झूम केलं तर फक्त चित्राचा मधला तुकडा मोठा होतो. मागच्या आणि पुढच्या वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसूभरही बदलत नाही. ते प्रमाण, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, फक्त तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं.

चेहऱ्याचं उदाहरण घ्या. नाकाचं टोक आणि कान यांत साधारण १२ सेंटिमीटरचं अंतर धरू. नाकापासून ३० सेंटिमीटरवर कॅमेरा नेला, तर कान ४२ सेंटिमीटरवर. म्हणजे कानाच्या तुलनेत नाक ४२ भागिले ३०, १.४ पट मोठं दिसणार. सेल्फीत नाक भज्यासारखं का येतं, ते कळलं? आता दीड मीटरवर जा. १६२ भागिले १५०, म्हणजे १.०८. चेहरा जसा आहे तसा. म्हणून या कॅमेऱ्याने चेहरा काढताना दीड मीटरच्या आत घुसू नका. माणूस त्याच्या खोलीसकट, टेबलासकट, वाळत घातलेल्या टॉवेलसकट काढा. फ्रेममध्ये जे जास्तीचं येतं तेच वीस वर्षांनी बघावंसं वाटतं.

फोकस आधीच करून ठेवा

ऑटोफोकस चांगलाच आहे, पण मेसच्या अंधुक प्रकाशात तो कधी कधी केटी लागलेल्या मुलासारखा पुढे-मागे करत राहतो. त्यावर जुना उपाय आहे, हायपरफोकल अंतर. या अंतरावर फोकस लावला की त्याच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

सूत्र : हायपरफोकल अंतर = फोकल लेंग्थचा वर्ग ÷ (एफ-नंबर × सर्कल ऑफ कन्फ्युजन)

इथे फोकल लेंग्थ खरी घ्यायची, समतुल्य नाही. सर्कल ऑफ कन्फ्युजन म्हणजे फोटोत ठिपका म्हणून खपून जाईल असा सगळ्यात मोठा धूसर गोल. एपीएस-सी सेन्सरला तो ०.०२ मिलिमीटर धरतात. रिको जीआरसाठी, एफ/८ वर :

१८.३ × १८.३ = सुमारे ३३५
८ × ०.०२ = ०.१६
३३५ ÷ ०.१६ = सुमारे २१०० मिलिमीटर, म्हणजे २.१ मीटर

म्हणजे फोकस २.१ मीटरवर ठेवला की साधारण एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं टिपलं जातं. फोकस करायची गरजच संपली! एक्स १०० च्या २३ च्या लेन्सला हाच आकडा ३.३ मीटर येतो, करून बघा. रिकोमध्ये ‘स्नॅप फोकस’ नावाची सोय याच कामासाठी आहे, अंतर आधी ठरवायचं आणि बटण थेट दाबायचं. टोकियोच्या गल्ल्यांचे फोटो काढणारे दाइदो मोरियामा अशाच खिशातल्या रिको कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. फोनच्या किंवा जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला तर खोली इतकी मिळते की फोकसची चिंता आणखी कमी.

प्रकाश : मैदान आणि मेस

बाहेर कडक ऊन असेल तर ‘सनी सिक्स्टीन’ नियम लक्षात ठेवा. अ‍ॅपर्चर एफ/१६, आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ २०० असेल तर १/२०० सेकंद. वरच्या हिशेबासाठी आपल्याला एफ/८ हवंय. एफ/१६ ते एफ/८ दोन स्टॉप, प्रकाश चौपट, म्हणून शटर १/८००. क्रिकेट खेळणारा मित्रही गोठून जाईल. ढग आले की शटर एक-दोन स्टॉपने सावकाश करा.

रात्री मेसमध्ये वेगळा प्रश्न. आपली वीज ५० हर्ट्झची. चोकवाली ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५०० ठेवलं तर कधी उजेडाच्या माथ्यावर फोटो येतो, कधी दरीत. फोनमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे काळे पट्टे दिसतात ते याचमुळे. उपाय सोपा : शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे चढ-उतारांची पूर्ण आवर्तनं प्रत्येक फोटोत येतील. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ वाढवा. थोडे दाणे आले तर येऊ द्यात, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा.

आणि फ्लॅश? प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. एक मीटरवर जितका, चार मीटरवर त्याच्या सोळावा भाग. गॅदरिंगला मागच्या रांगेतून फ्लॅश मारणारा माणूस स्टेज उजळत नाही, पुढच्या रांगेतल्या सरांचं टक्कल उजळतो. बंद ठेवा.

या कॅमेऱ्यांची आणखी एक खुबी. एक्स १०० आणि जीआरमध्ये शटर लेन्सच्या आतच असतं, पाकळ्यांसारखं उघडतं-मिटतं. त्याला लीफ शटर म्हणतात. मोठ्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर पडदे धावतात. त्यांचा आवाज होतो, आणि फ्लॅशसोबत साधारण १/२०० च्या आसपासच त्यांना थांबावं लागतं. लीफ शटरला हे बंधन फारसं नाही, आणि आवाज म्हणाल तर टाचणी पडल्याएवढा. लायब्ररीत फोटो काढला तरी ग्रंथपाल मान वर करत नाहीत. पण त्या शांतपणाचा फायदा चोरून घ्यायचा नसतो, आणि आता त्याचकडे वळू.

माणसांच्या जवळ जाणं

लांब लेन्सने समोरच्या इमारतीतल्या माणसाचा फोटो त्याला न कळता काढता येतो. २८ किंवा ३५ च्या लेन्सने ते जमत नाही. दोन मीटरवर जावं लागतं, आणि दोन मीटरवर गेलं की बोलावं लागतं. मला वाटतं, या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा धडा इथे आहे.

आपण चार वर्षं हॉस्टेलवर राहतो. पहाटे साडेपाचला मेसमध्ये कणीक तिंबणाऱ्या मावशी, गेटवर रात्रभर बसणारे वॉचमन मामा, वर्कशॉपमध्ये आपला वाकडा जॉब न रागावता सरळ करून देणारे काका. यांतल्या किती जणांचं पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे? फोनमध्ये हजारो फोटो असतात, त्यांत आपणच वेगवेगळ्या कोनांतून असतो. ज्यांच्या हातचं खाऊन आपण पदवी घेतो त्यांचा एक धड फोटो नसतो. पास होऊन गेल्यावर हे परत येऊन काढता येत नाहीत. आपण जातो, तशी ती माणसंही जातात.

म्हणून काही साधे नियम. आधी चार दिवस कॅमेरा न काढता नुसतं बोला. मग विचारा, “मावशी, काम करताना एक फोटो काढू का?” त्या “नको रे बाबा, अवतार बघ माझा” म्हणाल्या तर नको म्हणजे नको. हो म्हणाल्या तर काम चालू राहू द्या, “स्माइल प्लीज” म्हणू नका. मुलींच्या हॉस्टेलचा परिसर, कुणाच्या खोलीचा दरवाजा, आजारी किंवा रडणारा मित्र, इथे कॅमेरा खिशातच राहू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटोची प्रिंट काढून नेऊन द्या. चार बाय सहाची एक प्रिंट चहाच्या एका कपाच्या आसपास पडते. ती मावशींच्या घरी देवाच्या फोटोशेजारी लागते. फोटोग्राफीच्या कुठल्याही स्पर्धेत याहून मोठं बक्षीस नाही.

हा कॅमेरा काय करू शकत नाही?

खोटी जाहिरात नको. बाउंड्रीवरून बॅट्समनचा चेहरा मिळणार नाही. झाडावरचा खंड्या म्हणजे निळा ठिपका येईल. मागून बसून स्टेजवरचे हावभाव मिळणार नाहीत. ज्याला पक्षी किंवा क्रीडा फोटोग्राफी करायची आहे, त्याने मोठी लेन्सच घ्यावी, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याशी मैत्री करावी! पण कॉरिडॉर, टपरी, एसटी स्टँड, जत्रा, गणपतीची मिरवणूक, पावसातलं पार्किंग, प्रोजेक्टची शेवटची रात्र, हे सगळं या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात येतं. आणि आपलं आयुष्य बहुतेक याच पट्ट्यात घडत असतं.

पैसे खर्च करायच्या आधी

पहिला सल्ला, काहीही विकत घेऊ नका. घरातल्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा असेल तो आणा. त्याला झूम असला तर सगळ्यात रुंद टोकावर ठेवा आणि झूमच्या खटक्यावर चिकटपट्टी लावून टाका. झाला तुमचा फिक्स्ड लेन्स कॅमेरा! तेही नसेल तर फोनची मुख्य लेन्स बहुतेक वेळा २४ ते २६ समतुल्य असते. एक महिना दोन बोटांनी स्क्रीन ताणायची नाही, एवढी शपथ घ्या.

जुना कॅमेरा बाहेर काढताना तीन गोष्टी तपासा. बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्ज करू नका. २००६ च्या आधीचा कॅमेरा असेल तर त्याला बहुधा २ जीबीपर्यंतचं जुनं एसडी कार्डच चालतं, नवं ३२ जीबीचं घालून “बिघडलाय” म्हणू नका. आणि लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का बघा, ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी काळजी जून ते सप्टेंबर घेतली तरी पुरे. चामड्याच्या कव्हरात कोंडून ठेवू नका, ते ओल धरतं.

चार आठवड्यांची असाइनमेंट

पहिला आठवडा : रोज दहा वेळा, कॅमेरा वर उचलायच्या आधी ठरवा की फ्रेमची डावी-उजवी कड कुठे पडेल. मग कॅमेरा लावून बघा. दहापैकी सात बरोबर आले की पास.

दुसरा आठवडा : फोकस दोन मीटरवर, अ‍ॅपर्चर एफ/८, दोन्हीला हात लावायचा नाही. (फोनवाल्यांनी फक्त अंतर पाळायचं.) फक्त चाला आणि योग्य वेळी बटण दाबा.

तिसरा आठवडा : एकच जागा निवडा. जिन्याचं वळण चालेल, मेसची खिडकी चालेल. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, असे रोज चार फोटो. उजेड म्हणजे काय ते कुठल्याही पुस्तकाशिवाय कळेल.

चौथा आठवडा : कॅम्पसमधला एक माणूस, ज्याचं नाव आत्तापर्यंत माहीत नव्हतं. त्याचं नाव, गाव, काम विचारा. पाच फोटो, आणि एक प्रिंट त्याच्या हातात.

महिन्याच्या शेवटी फक्त ३६ फोटो ठेवा, एका रोलएवढे. त्यातले बारा निवडा. बाराचे चार करा. निवडताना रूममेटला बसवा, तो तुमच्यापेक्षा निर्दयी असतो. ‘चांगला आलाय’ असं तो म्हणेल तर विचारा, “म्हणजे काय दिसतंय त्यात?” दोन वाक्यांत सांगता आलं तर फोटो ठेवा, नाहीतर पुढचा.

सबमिशन, ओरल, प्लेसमेंट हे सगळं चालूच राहणार आहे. त्यातून रोज वीस मिनिटं काढणं अवघड नाही, तेवढा वेळ तर आपण मेसच्या रांगेत उभे असतो. आज रात्री जेवायला जाताना कॅमेरा खिशात टाका. रांगेत उभं राहून समोर बघा, आणि कॅमेरा न काढता फक्त ठरवा : चौकट कुठे संपते, आणि तिच्यात कोण आहे. मग दोन पावलं पुढे व्हा, आणि आधी नाव विचारा.